आसरांपासून बावीस पावलं

खराडी, पुणे
८ जानेवारी २०२४

आदरणीय दिगंबर सर,
सविनय नमस्कार.

'नळवंडीची नदी आणि तिचे चिबड' या तुमच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत शेवटी छापलं आहे, 'वाचकांनी सूचना पत्राने कळवाव्यात. फोन करू नये. दुपारी एक ते चार तर मुळीच करू नये.' म्हणून पत्र लिहिते आहे. माझ्या मुलाला, योगेशला, पोस्टाचं पाकीट आणायला सांगितलं तर तो आधी मोबाईलवर शोधत बसला. शेवटी मीच चालत जाऊन आणलं.

मी द्वारका, नळवंडीची. १९७४ साली तुम्ही पुण्याहून संशोधनाला आला होतात, चोवीस-पंचवीस वर्षांचे, पांढऱ्या बुटांत. पहिल्याच दिवशी त्यातला एक बूट चिबडाच्या दलदलीत गेला. तो अजून तिथेच आहे. नदीकाठच्या सात आसरांपासून पाण्यापर्यंत तुम्ही मोजणी केलीत, तेव्हा फितीचं दुसरं टोक त्यातल्या एका देवीच्या दगडावर धरून एक अकरा वर्षांची मुलगी उभी होती. ती मी. तुम्ही मला एक पेन्सिल दिली होती. पुढे मी त्याच गावात तीस वर्षं प्राथमिक शिक्षिका होते, त्यात त्या पेन्सिलीचा थोडा वाटा आहे. आता निवृत्त होऊन मुलाकडे अकराव्या मजल्यावर राहते. इथून नदी दिसते, पण हिला नदी म्हणायला मन धजत नाही.

पुस्तक वीस वर्षांपूर्वीचं, माझ्या हाती आत्ता पडलं. पान ४१ वाचून मी एकटीच हसले. सून विचारायला लागली, "आई, काय झालं? कुछ फनी है क्या?" तिला काय सांगणार!

एकच शंका आहे. मोजणी आसरांपासूनच का केलीत? जवळ एवढी मोठी चिंच होती.

आपली नम्र,
द्वारका


नारायण पेठ, पुणे
१७ जानेवारी २०२४

श्रीमती द्वारकाबाई यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र खराडीहून नारायण पेठेत यायला सहा दिवस लागले. एवढ्यात मी चालत नळवंडीला जाऊन परत आलो असतो. असो. पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून आलेले हे चौथे वाचकपत्र. पहिली तीन प्रकाशकाच्या मेहुण्याची होती.

बुटाची आठवण काढण्याचे काही कारण नव्हते.

आपल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. मोजणीला न हलणारी खूण लागते. झाड वठते, वाढते, कोणी तोडते. देवाला कोण हात लावणार? मी गावातल्या सात वृद्ध पुरुषांना विचारले होते. सगळे म्हणाले, आसरा आहेत तिथेच आहेत, पणजोबाच्या काळापासून. म्हणून तीच खूण धरली. १९७४ साली पाणी आसरांपासून सेहेचाळीस फूट, १९८६ साली चव्वेचाळीस, २००३ साली एकोणचाळीस. म्हणजे तीस वर्षांत पात्रात गाळ साचून पाणी सात फूट अलीकडे आले, नदी मात्र जागची हलली नाही. ब्रिटिश काळातल्या नकाशात ती एक फर्लांग दक्षिणेला दाखवली आहे. त्या सर्व्हेअरला हिवताप आला असावा असे मी तळटीपेत नमूद केले आहे.

आपल्याला आनंद होईल अशी एक बातमी. जूनमध्ये पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे. आणि नळवंडीत मुलींची जी नवी शाळा व्हायची आहे, तिची जागा विश्वस्तांनी माझ्या पान ४१ वरून निवडली. आसरांच्या मागची सपाट जमीन. आयुष्यभर भूगोल शिकवला, पण भूगोलाने कोणाचे काही ठरल्याचे प्रथमच पाहतो आहे. सौ. सरोजिनीला सांगितले तर म्हणाली, "बरं झालं, आता पंखा पुसा."

आपला,
दिगंबर


खराडी
२५ जानेवारी २०२४

आदरणीय सर,

शाळेचं वाचून हसू मावळलं.

आसरांच्या मागची म्हणजे चिंचेपासून ओढ्यापर्यंतची ना? आम्ही लहान असताना तेच थोरलं चिबड होतं. पुरुषभर उंच लव्हाळी होती. आमची एक म्हैस तिथे रुतली ती गावाने दोर लावून काढली, पोट फुगलेलं आणि डोळे पांढरे. तिथे आता हरभरा येतो हे खरं, पण माझा भाऊ साईनाथ सांगतो, कुदळ मारली की आवाज बद्द येतो. त्याची नात पूर्णिमा चौथीत आहे. ती त्याच शाळेत जाणार.

पाया कधी खणणार आहेत?

द्वारका


नारायण पेठ
३ फेब्रुवारी २०२४

द्वारकाबाई,

अकरा वर्षांच्या मुलीला गुडघाभर चिखलही समुद्र वाटतो. त्यात आपला दोष नाही.

चिबड असते ते पाणी आणि आसरा यांच्या मधल्या पट्ट्यात. आसरा नेहमी टणक जमिनीवर. मी स्वतः तीनदा पाहिले आहे, वेगवेगळ्या तीन दशकांत. आसरा हललेल्या नाहीत, तेव्हा त्यांच्या मागे कधी चिबड असणे शक्य नाही. हे दहावीतल्या मुलालाही पटेल.

पाया एप्रिलअखेर. म्हशीबद्दल वाईट वाटले.

दिगंबर


खराडी
२१ फेब्रुवारी २०२४

आदरणीय सर,

उत्तराला उशीर झाला, कारण मी गावी जाऊन आले. जे सांगायचं आहे ते एकटीने सांगायचा मला अधिकार नव्हता. बायकांना विचारावं लागलं. त्या म्हणाल्या, "बाप्याला सांगायचं न्हाई असं हाय. पन सांगायचंच असंल तर ज्याच्यावर कुनी इस्वास ठेवत न्हाई अशाला सांग." मी म्हटलं, पुण्यातले प्राध्यापक आहेत. "मग चालंल," म्हणाल्या.

सर, आसरा हलतात. आम्ही हलवतो.

दर वर्षी पावसाळा सरून पाणी ओसरलं की नवरात्रानंतरच्या पहिल्या मंगळवारी, भर दुपारी, पुरुष शेतावर असताना, गावातल्या बायका ते सात दगड उचलतात आणि पाणी गेलं असेल तिकडे नेतात. आसरा पाण्याच्या देवता. त्यांना पाण्याचा आवाज ऐकू आला पाहिजे, पण पाय चिखलात भरता कामा नयेत. म्हणून पाण्यापासून बावीस पावलं मोजायची. ती पावलं एकाच बाईची, जिला आधीच्या बाईने सांगून ठेवलं तिची. पुरुषांनी बघायचं नाही, विचारायचं नाही. तुमचे सात वृद्ध खोटं बोलले नाहीत. त्यांना खरंच माहीत नव्हतं. बाईमाणूस दुपारी नदीवर काय करतं हे विचारायची आमच्याकडे पुरुषांना सवय नाही, आणि संशोधकांनाही नव्हती.

म्हणजे नदी सरकत गेली आणि आसरा तिच्यामागे. तो ब्रिटिश सर्व्हेअर ठणठणीत होता. मागे राहिली ती सगळी जमीन जुनं चिबड आहे, वरून वाळलेलं. मोठा पूर आला की पाणी आपल्या जुन्या वाटेने येतं.

आता तुमचे आकडे. ते बरोबर आहेत, फूटभरही चूक नाही. १९७४ ची बावीस पावलं माझ्या गोदाआत्याची होती. ती ताडमाड उंच, तिचे सेहेचाळीस फूट झाले. १९८६ ची तिच्या धाकट्या जावेची. आणि २००३ ची माझी. मी पाच फूटसुद्धा पुरती नाही, चपला धरून. तो गाळ साचला नव्हता, सर. गोदाआत्या वारली होती.

पान ४१ वाचून हसले ते याला. पण मला हसायचा फार अधिकार नाही. १९७४ साली दगड हलवून दोन महिने झाले होते आणि फितीचं टोक हातात धरून मी सगळं ठाऊक असताना गप्प उभी होते. तुम्ही विचारलंत, "हे दगड इथेच असतात ना गं?" मी मान हलवली. आत्या मागे उभी होती. ती मान हलवलेली मला पन्नास वर्षं आठवते आहे. आता तिच्यावर शाळा उभी राहणार आहे, म्हणून लिहिलं.

तुमची आवृत्ती तोंडावर आली आहे हे मला ठाऊक आहे. रागवा, पण पाया थांबवा. माझं कोणी ऐकणार नाही. पुस्तक तुमचं आहे.

द्वारका


खराडी
१६ मार्च २०२४

आदरणीय सर,

चोवीस दिवस झाले. पोस्टाला दोष द्यावा तर परवा विजेचं बिल वेळेवर आलं. रुसला असाल तर तसं कार्डावर लिहून टाका, कार्डाला पुरेल एवढाच मजकूर आहे. की दुपारी एक ते चारच्या दरम्यान माझं पत्र पोचलं?

साईनाथ म्हणतो, चुन्याच्या रेघा मारून झाल्या आहेत. माझा जीव थाऱ्यावर नाही.

द्वारका


नारायण पेठ
२३ मार्च २०२४

प्रिय द्वारकाताई,

आपण भेटलो नाही, पण तुमची शेवटची दोन्ही पत्रं मी वाचली आहेत. ती चहाच्या डब्यामागे लपवलेली होती. चहा ह्या घरात मी करते हे त्यांच्या लक्षात नसावं.

हे रुसलेले नाहीत. लाजलेले आहेत. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, हा प्रकार प्रथमच पाहते आहे, म्हणून ओळखायला मलाही आठवडा लागला. मग एक दिवस मला म्हणाले, "जरा स्वयंपाकघरापासून दारापर्यंत बावीस पावलं चाल." घर तेवढं मोठं नाही, म्हणून जिन्यातून चालायला लावलं. फितीने मोजलं. मग स्वतः चालले, पुन्हा मोजलं. शेजारच्या सलिलला धरून आणला, त्यालाही चालवला. तीन माणसं, तीन आकडे. रात्री जेवताना म्हणाले, "तीस वर्षं मी बायकांची उंची मोजत होतो." आणि भात तसाच ठेवला.

काल सकाळी पिशवीत फीत आणि पाण्याची बाटली घालून स्वारगेटला गेले. कुठे ते सांगितलं नाही. मी डबा दिला तो निमूट घेतला. तुम्हाला कळावं म्हणून लिहिते. मी लिहिलं हे त्यांना सांगू नका. तेही कळलेलं नाही असंच दाखवतील.

तुमची,
सरोजिनी


नारायण पेठ
८ एप्रिल २०२४

द्वारकाबाई यांस,
स. न. वि. वि.

नळवंडीला जाऊन आलो. आपल्या बंधूंनी, साईनाथरावांनी, उत्तम व्यवस्था ठेवली. रेघा मारलेल्या जागी मधोमध खड्डा खणून घेतला. चार हातांवर काळा चिखल लागला. त्यात लव्हाळ्याची मुळे आणि शिंपले. संध्याकाळपर्यंत खड्ड्यात वीतभर पाणी उभे राहिले. विश्वस्तांची सभा होती, तिथे दोन शब्द बोललो. जागा बदलून टेकाडावर न्यायचे ठरले आहे.

दुसरी आवृत्ती प्रकाशकाने रद्द केली. काही तांत्रिक कारण असावे. पहिलीच्या उरलेल्या प्रती त्याने घरी आणून टाकल्या आहेत. सौ. त्यांच्यावर पापड वाळत घालते. पुस्तकांचा असा खप मी प्रथमच पाहतो.

प्रत्येक प्रतीत चिकटवण्यासाठी शुद्धिपत्र तयार केले आहे. एक सोबत जोडले आहे.

बूट सापडला नाही.

दिगंबर

[ शुद्धिपत्र. पृष्ठ ४१, ओळ ९ : 'नदी जागची हललेली नाही' याऐवजी 'लेखक जागचा हललेला नाही' असे वाचावे. ]


खराडी
१९ एप्रिल २०२४

आदरणीय सर,

'दोन शब्द बोललो' म्हणे! साईनाथ त्या सभेत होता.

त्याने सगळं सांगितलं. इंजिनिअरने तुम्हाला विचारलं, पुस्तकात असं आणि खड्ड्यात तसं, हे कसं काय? तेव्हा तुम्ही उभं राहून म्हणालात, "मी मोजणी केलीच नव्हती. तिन्ही वेळा चिंचेखाली बसून आकडे लिहिले. ऊन फार होतं." इंजिनिअर म्हणाला, "आणि यावर तुम्ही डॉक्टरेट घेतलीत?" मागच्या रांगेतले हसले. तुम्ही म्हणालात, "घेतली," आणि बसलात.

सर, तुमचं खरं काम होतं ते. तिन्ही वेळा भर उन्हात उभं राहून केलेलं. एकदा तर मीच साक्षीला होते. आसरांचं नाव घेतलं असतंत तर तुम्हाला कोणी हसलं नसतं, उलट वर्तमानपत्रात आला असतात. पण मग उद्यापासून गावातला प्रत्येक पुरुष त्या मंगळवारी नदीवर बघायला आला असता. आमच्या बायकांचं राखायला तुम्ही स्वतःला खोटं ठरवलंत. साईनाथला अजून वाटतं तुम्ही कामचुकार आहात. मला त्याला सांगता येत नाही, म्हणून परवा मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

गावी फोन करून बायकांना सांगितलं. मग एक जण म्हणाली, "आनि आपन म्हनलो, ह्याच्यावर कुनी इस्वास ठेवत न्हाई."

शुद्धिपत्र मी पान ४१ वर चिकटवलेलं नाही. तुमची हरकत असली तरी चिकटवणार नाही.

द्वारका


खराडी
१६ ऑक्टोबर २०२४

आदरणीय सर,
सरोजिनीताईंनाही नमस्कार. त्यांचे पापड पोचले. एका पापडाच्या पाठीवर 'प्रकरण तिसरे' उलटं उमटलं होतं. तोच पहिला तळला.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. ऑगस्टातल्या पुरात नदी तिच्या जुन्या वाटेने आली. चुन्याच्या रेघा होत्या तिथे कमरेएवढं पाणी चार दिवस होतं. टेकाडावर शाळेच्या भिंती खिडकीपर्यंत आल्या होत्या, त्यांना थेंब लागला नाही. पूर्णिमा वरून पाण्यात खडे मारत होती.

दुसरी गोष्ट. काल मंगळवार होता. माझ्या गुडघ्यांनी आता बावीस पावलं होत नाहीत, म्हणून या वर्षी मी सुनेला, रुपालीला, घेऊन गेले. ती भंडाऱ्याकडची, वैनगंगेच्या काठची, त्यामुळे पाण्याचं तिला सांगावं लागत नाही. ऑफिसला काय सांगितलंस विचारलं तर म्हणाली, "आई, म्हटलं साइट व्हिजिट आहे." ती गोदाआत्यापेक्षाही उंच आहे. तुम्ही साईनाथकडे विसरलेली फीत मी मागून घेतली होती. आजवर आम्ही दगडांना फीत कधी लावली नव्हती. काल लावली, फक्त तुमच्यासाठी. एक्कावन्न फूट. म्हणजे २००३ पासून बारा फूट गाळ वाहून गेला, नाही का?

दगड ठेवून झाल्यावर बायका बांधावर भाकरी खायला बसल्या आणि तुमचा विषय निघाला. बोलता बोलता एक जण म्हणाली, माझ्या लग्नाच्या वर्षी आसरा त्या बाभळीपाशी होत्या. दुसरी म्हणाली, दुष्काळाच्या वर्षी पार खाली, दोन खडकांच्या मध्ये. सगळ्यात म्हाताऱ्या बाईने तर तिच्या आजेसासूने दाखवलेली जागा सांगितली. ती चिंचेच्याही पलीकडे आहे, तुमच्या त्या हिवतापवाल्या साहेबाने नदी दाखवली तिथेच. सर, त्यांना सगळं पाठ आहे. शंभर वर्षांत नदी कुठे कुठे होती, हे या बायका चालत जाऊन एकेका जागेवर उभं राहून दाखवू शकतात. मी त्यांना म्हटलं, हे इतकी वर्षं कोणाला सांगितलं का नाहीत? तर म्हणाल्या, "कुनी इचारलं का?"

आम्ही ठरवलं ते असं. दगड हलवताना पुरुषाने बघायचं नाही, हे आहेच. पण दगड पूर्वी कुठे होते ते ऐकायचं नाही, असं काही कोणी सांगून ठेवलेलं नाही. येत्या मंगळवारी सकाळी नळवंडीला या. नकाशा तुम्ही काढा, जागा त्या दाखवतील. जागांना नावं मात्र त्यांचीच द्यायची, आणि पहिली गोदाबाईची.

फीत माझ्याकडे आहे. दुसरं टोक मीच धरेन. या खेपेला काही विचारलंत तर खरं सांगेन.

पेन्सिल तुम्ही आणा. आणि बूट जुने घाला.

आपली,
द्वारका